फक्कीचं कासव

आमच्या हायस्कूलला कॉम्प्युटर आले ते मुरमाच्या ट्रॉलीतून. 2008 सालचा आषाढ होता. आषाढ म्हटल्यावर शहरातल्या वाचकाच्या डोळ्यांपुढं पाऊस येईल, पण आमचा माण तालुका सातारा जिल्ह्यात असूनही महाबळेश्वरचा कुणी लागत नाही. खोकी घेऊन आलेला टेंपो गावच्या ओढ्यात रुतला तो पाण्यात नव्हे, वाळूत. ड्रायव्हर म्हणाला, "म्होरं गाडी जात न्हाय." मग सरपंचांच्या चुलत्याचा ट्रॅक्टर आणला, ट्रॉलीतला मुरूम झाडला, त्यावर पोती अंथरली आणि खोकी शाळेत आणली. शिपाईमामा ट्रॉलीत खोक्यांना मिठी मारून बसले होते. बाळंतीण माहेरी आणावी तसे त्यांनी ते कॉम्प्युटर आणले.

नारळ फुटला. पाच मॉनिटरच्या कपाळाला हळदीकुंकू लागलं. मोठ्या सरांनी खोलीला नवं कुलूप घातलं आणि किल्ली जानव्याला अडकवली. आईनं शिवतात तशी फुलाफुलांची झाकणं मॉनिटरवर चढली. पुढचे दोन महिने पोरं खिडकीच्या गजातून ती झाकणं बघायची.

आमचे अण्णा त्या वेळी पंचाहत्तरीत होते. मी रात्री जेवताना कौतुकानं सांगितलं तर ताटातली भाकरी मोडत म्हणाले, "शाळंत प्यायच्या पाण्याची टाकी हाय का?"

"न्हाय."

"पोरींला मुतारी?"

"हाय, पन दार न्हाय."

"मग कंपुटर कशापायी?"

मी चार वाक्यं फेकली. एकविसावं शतक, जग जवळ येतंय, वगैरे. अण्णांनी ऐकून घेतलं आणि आईला म्हणाले, "कोरड्यास वाढ गं." पुढं दहा वर्षं हा प्रश्न मला अनेकांनी विचारला, सभांत विचारला, पण अण्णांसारखा कोरडा कुणी विचारला नाही. त्याचं उत्तर माझ्याजवळ नव्हतं. आणि खरं सांगायचं तर पाण्याच्या टाकीच्या बाबतीत ते आजही नाही. ती टाकी आधी हवी होती, हे अण्णांचं म्हणणं बरोबरच होतं.

कॉम्प्युटर शिकवायला एका ठेकेदार कंपनीनं एक पोरगा नेमला होता. पाच वर्षं कंपनी सांभाळणार, मग सगळं शाळेचं, असा करार. पोरगा हुशार होता, पण त्याचा पगार चार-चार महिने यायचा नाही. दिवाळीला गावाकडं गेला तो परत आला नाही. जाताना मला एक सीडी देऊन गेला. म्हणाला, "सर, यात लोगो हाय. पोरांना टायपिंग शिकवू नका, हे शिकवा. मजा येईल."

मी गणित-विज्ञानाचा शिक्षक. साताऱ्याला दहा दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं. त्यात आम्ही रजेचा अर्ज टाइप करायला आणि त्याला रंगीत किनार लावायला शिकलो. शाळेतला कॉम्प्युटर म्हणजे तेव्हा एवढंच होतं. पोरं वहीत मॉनिटरचं चित्र काढायची आणि 'संगणकाचे भाग सांगा' या प्रश्नाला पाच गुण मिळवायची. विहिरीचं चित्र काढून पोहायला शिकवण्यासारखं ते होतं. मीही तसंच शिकवलं, लपवत नाही.

लोगो मात्र निराळं निघालं. पडद्यावर मधोमध एक छोटा त्रिकोण. त्याला कासव म्हणायचं. 'एफडी 100' लिहिलं की ते शंभर पावलं पुढं जातं, मागं रेघ उमटते. 'आरटी 90' लिहिलं की उजवीकडं काटकोनात वळतं. चार वेळा पुढं जा, चार वेळा वळ, झाला चौरस. मग तेच चार वेळा लिहायचा कंटाळा आला की 'रिपीट 4' म्हणून कंसात एकदाच लिहायचं. आज ज्याला सगळे कोडिंग कोडिंग म्हणतात त्याची मुळाक्षरं ही. एमएसडब्ल्यू लोगो असं त्या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅमचं नाव. मूळ लोगो भाषा 1967 सालची, सीमोर पेपर्ट या गणितज्ञानं अमेरिकेत सहकाऱ्यांबरोबर मुलांसाठी केलेली, हे मला फार नंतर वाचून कळलं.

इंग्रजीची भीती वाटली होती, ती फुकट ठरली. आमची पोरं 'एफडी'ला एफडीच म्हणायची, बँकेतल्या ठेवीला म्हणतात तसं; त्याच्यामागं 'फॉरवर्ड' आहे याच्याशी त्यांना कर्तव्य नव्हतं. बैलाला 'हार्रर्र' म्हटल्यावर तो वळतो, तो शब्द कुठल्या भाषेतला हे कोण विचारतं?

अडचण वेगळीच होती. आठवीच्या वर्गात अठ्ठावन्न पोरं, कॉम्प्युटर पाच, त्यातले चालू चार. मुलगे खुर्च्या पकडायचे आणि मुली मागं भिंतीला टेकून उभ्या. दोन आठवडे मी ते बघितलं. मग सोमवार आणि गुरुवार फक्त मुलींचे केले. मुलग्यांच्या आयांपर्यंत तक्रार गेली. एक आई म्हणाली, "पोरींला काय करायचंय सर, त्यांला भाकरीच थापायच्यात." तिच्याच मुलीनं त्या सोमवारी छत्तीस चौरस, प्रत्येक चौरसानंतर दहा अंश वळून, एकात एक गुंफले. पडद्यावर रांगोळी फुलली. मी विचारलं, छत्तीसच का? ती म्हणाली, "जातं पुरं एक फेरा फिरलं पायजे न्हवं? तीनशेसाठ." तिला हे मी शिकवलं नव्हतं. (ती आता पुण्याला एका दवाखान्यात नर्स आहे, तीन वर्षांपूर्वी यात्रेत भेटली. कोडिंगशी तिचा पुढं काही संबंध आला नाही.)

दुसरी अडचण लाईटची. ते भारनियमनाचे दिवस. दिवसाकाठी बारा-बारा तास लाईट नसायची आणि जायची नेमकी माझ्या तासाला. एके दिवशी पोरं कॉम्प्युटरच्या खोलीत जाऊन बसली, झाकणं काढली, आणि पंखा थांबला. अठ्ठावन्न चेहरे पडले. मैदानावर खो-खोचं अंगण आखायची फक्की ठेवलेली होती. मी म्हटलं, चला बाहेर.

एका पोराला कासव केलं. त्याच्या हातात फक्कीचा डबा दिला, बुडाला भोकं पाडलेला. नियम एवढाच, की कासवाला स्वतःची अक्कल नाही. सांगाल तेवढंच करायचं, सांगाल तेच करायचं. फळ्यावरचा मोठा लाकडी कोनमापक घेऊन दोघं वळण मोजायला. पहिल्याच झटक्याला एकानं सांगितलं, "पुढं जा." कासव निघालं ते थेट कुंपणाकडं. "आरं थांब की!" तर कासव थांबेना, कारण 'किती' ते कुणी सांगितलं नव्हतं. पोरं हसून लोळली. पण त्या दिवसापासून 'किती' विचारायची सवय लागली. पुढं त्याच पोरांच्या भूगोलाच्या उत्तरांत 'खूप पाऊस' जाऊन आकडे यायला लागले, असं भूगोलाच्या मॅडम म्हणायच्या.

चौरस झाला. मग म्हटलं, आता तिन्ही बाजू सारख्या असलेला त्रिकोण काढा. प्रत्येक कोन साठ अंशाचा, हे सगळ्यांना पाठ. म्हणून सांगितलं, दहा पावलं पुढं, साठ अंश उजवीकडं, असं तीनदा. कासव चाललं. तीन बाजू झाल्या आणि त्रिकोण काही मिटेना. मैदानावर उमटलं घमेलं, वरून उघडं. पुन्हा काढलं, पुन्हा घमेलं. हुशार पोरांनी वह्या काढल्या, त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज एकशेऐंशी हे प्रमेय मला परत म्हणून दाखवलं. घमेलं तसंच.

मागं एक धनगराचं पोरगं उभं होतं. अंगानं किरकोळ, वर्गात शेवटच्या बाकावर. वर्षातले चार महिने त्यांचं खांड मेंढरं घेऊन बाहेर असायचं, त्यामुळं पाटी कायम अर्धी कोरी. ते पुढं आलं आणि म्हणालं, "सर, साठ न्हाय. येकशेवीस वळाय पायजे."

"का रे?"

"कोपरा साठाचा हाय, पन कासव कोपऱ्यात बसत न्हाय, चालतंय. वाघर लावताना आमी असंच वळतो की. पार माघारी फिरायचं तर येकशेऐंशी. त्यातनं कोपऱ्यापुरतं साठ सोडायचं. ऱ्हायलं येकशेवीस."

वाघर म्हणजे रात्री मेंढरं कोंडायला लावतात ती जाळी. तो स्वतः कासव झाला, डबा घेतला, आणि फक्कीचा त्रिकोण असा मिटवला की शेवटची रेघ पहिल्या रेघेच्या टोकावर येऊन बसली. पोरांनी टाळ्या वाजवल्या.

मी टाळी वाजवली नाही. वाजवता आली नाही. कारण त्याच पोराला दोन महिन्यांपूर्वी मी दोन छड्या मारल्या होत्या, हातावर, सगळ्या वर्गासमोर. प्रश्न होता त्रिकोणाच्या बाह्यकोनाचा. त्याला प्रमेय लिहिता आलं नव्हतं. तोच बाह्यकोन हा पोरगा रोज संध्याकाळी पायानं काढत होता आणि मी त्याला त्याचसाठी मारलं होतं. त्याच्या मनात ते होतं का, ठाऊक नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि डबा माझ्या हातात दिला. माझे हात पांढरे झाले.

लाईट आल्यावर आम्ही आत गेलो. त्या पोरानं तेच पडद्यावर लिहायला घेतलं. एका बोटानं, अक्षर शोधत. 'एफडी' आणि '100' यांच्यामध्ये जागा सोडायची राहिली. लोगो अशा वेळी खाली एक ओळ छापतं. इंग्रजीत असते. पोरानं विचारलं, "काय म्हनतंय?" मी भाषांतर केलं, "हे कसं करायचं ते मला ठाऊक नाही, असं म्हणतंय." पोरगं थोडं थांबलं आणि म्हणालं, "म्हंजे त्येलाच म्हाईत न्हाय?"

त्याला वाटलं होतं, यंत्र त्याला म्हणतंय की तुला काही येत नाही. शाळेत आजवर प्रत्येकानं तेच म्हटलं होतं, मी धरून. हे यंत्र पहिल्यांदा आपल्याकडं कमीपणा घेत होतं. त्यानं जागा सोडली, पुन्हा लिहिलं, रेघ उमटली. चुकलं, सुधारलं, चाललं. मध्ये रागावणं नाही, हसणं नाही, मार्क जाणं नाही. त्या तासाला त्यानं किमान पंधरा वेळा चूक केली असेल. गणिताच्या वहीत पंधरा चुका करायची त्याची छाती नव्हती. तो वही कोरीच ठेवायचा.

2010 साली शिक्षण हक्काचा कायदा लागू झाला आणि वर्गातल्या छडीवर बंदी आली. माझी छडी त्याआधीच माडीवर गेली होती. याचं श्रेय मी कायद्याला देत नाही आणि स्वतःलाही नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखं थोडं आहे. नववीच्या दिवाळीनंतर त्या पोराचं खांड कोकणाकडं उतरलं. पोरगं परत शाळेत आलं नाही. मी दोनदा वाड्यावर गेलो. त्याचा बाप म्हणाला, "सर, मेंढरं कोन वळायची? तुमचं कासव?" पटावरचं नाव कमी झालं. पाच वर्षांचा करार संपला तेव्हा पाचातले दोन कॉम्प्युटर उरले होते. आतली बॅटरी संपल्यानं त्यांची तारीख दर सकाळी मागं जायची. शाळा 2013 मध्ये आणि कॉम्प्युटर 2002 मध्ये. मग तेही बंद पडले. खोलीत शालेय पोषण आहाराचा तांदूळ ठेवायला लागलो. 2007 साली कर्जतजवळच्या खैरात वस्तीवरच्या एकशिक्षकी शाळेत हिरवे-पांढरे लॅपटॉप वाटल्याच्या बातम्या आम्ही मोठ्या आशेनं वाचल्या होत्या. 'प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप' अशी ती जगभरची योजना. यंत्रं पोचवणं सोपं असतं. यंत्र बंद पडल्यावर कोण येणार आणि शिकवणाऱ्याला पगार कोण देणार, याचं उत्तर ट्रॉलीतून येत नाही.

मी 2018 साली निवृत्त झालो. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावीपासून कोडिंगच्या कृती घ्याव्यात असं आलं, आणि त्याच सुमारास टाळेबंदीत टीव्हीवर जाहिराती सुरू झाल्या. सहा वर्षांचं पोर ॲप बनवतंय आणि सुटाबुटातले लोक दाराशी पैशांच्या पिशव्या घेऊन उभे. माझ्या नातवासाठी पुण्यात सुनेनं असाच एक क्लास लावला. फीचा आकडा ऐकून मला माझा पहिल्या वर्षाचा सगळा पगार आठवला. मी म्हटलं, हे कशासाठी? मुलगा म्हणाला, "बाबा, पुढं नोकरी." मी गप्प बसलो. आमच्या अठ्ठावन्न पोरांतला फक्त एक जण आज त्या धंद्यात आहे, हिंजवडीला. बाकी सत्तावन्नांचा तास फुकट गेला असं मानायचं का, हे मला मुलाला विचारायचं होतं. शब्द जुळले नाहीत.

आणि मग गेल्या दुष्काळानंतर हा प्रसंग घडला.

कुठल्याशा एका योजनेचे अर्ज ऑनलाइन भरायचे होते. नाव सांगत नाही, सगळ्या योजनांचं थोड्याफार फरकानं असंच असतं. चौकात एका पोराचं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. तिथं सकाळपासून रांग. निम्म्या लोकांचे अर्ज भरले जायचे, निम्म्यांचे अडायचे. दुकानातला पोरगा वैतागून म्हणायचा, "सर्व्हर डाऊन हाय." दुसऱ्या दिवशी, "वरनंच प्रॉब्लेम हाय." म्हातारी माणसं हात जोडून परत जायची. पाऊस पडला नाही तर जसं परत फिरतात, तसं. वरनंच नाही, म्हटल्यावर कुणाशी भांडायचं?

मी पेपर वाचत कट्ट्यावर बसलो होतो. एक मिशीवाला गडी समोर येऊन पाया पडला. ओळख पटायला वेळ लागला. तोच, वाघरवाला. आता मेंढरं थोडी ठेवली आहेत, गावातच असतो, दीड एकर रान आहे. म्हणाला, "सर, जरा चला. सर्व्हर डाऊन न्हाय. कायतर येगळंच हाय."

त्यानं दोन दिवस रांगेत उभं राहून एक गोष्ट टिपली होती. ज्यांचं रान मोठं, त्यांचे अर्ज पुढं जात होते. अडत होते ते बारक्या रानवाल्यांचे. अर्जात क्षेत्रफळाचे दोन खाने होते, एक हेक्टरचा, एक आरचा. त्याच्या सातबाऱ्यावर 0 हेक्टर 61 आर. हेक्टरच्या खान्यात 0 टाकला की खालचं बटण दबेना. त्यानं दुकानातल्या पोराला म्हटलं, "येक डाव 1 टाकून बघ. भरू नगं, निस्तं बघ." 1 टाकल्यावर बटण उजळलं. पुन्हा 0, पुन्हा मेलं.

"सर, त्ये शून्याला रिकामं समजतंय," तो म्हणाला. "लिवणाऱ्यानं खाना मोकळा ठिवू नये म्हनून आट घातली आसंल. पन शून्य म्हंजे मोकळं न्हवं की. आमचं रानच शून्य हेक्टर हाय."

गावातली निम्मी खाती एक हेक्टरच्या आतली. म्हणजे ज्यांना मदत हवी, नेमके तेच त्या खान्यावर अडत होते. दुकानातला पोरगा कॉम्प्युटरची पदविका घेतलेला. रोज आठ तास त्या पडद्यासमोर बसतो. त्याला हे दिसलं नव्हतं. म्हणजे दिसत होतं, पण पडद्यावर आलेलं कुणीतरी लिहिलेलं असतं आणि लिहिणारा चुकू शकतो, हे त्याच्या मनात आलं नव्हतं. या नववी नापास गड्याच्या मनात ते इतकी वर्षं पडून होतं.

मी विचारलं, "तुला लोगो आठवतं का रे?"

"नाव न्हाय आठवत. कासव आठवतं. सांगितलं तेवढंच करायचं."

कट्ट्यावरच बसून आम्ही अर्ज लिहिला. कॉम्प्युटरवर नाही, फुलस्केप कागदावर. त्यानं सांगायचं, मी लिहायचं. 'सर्व्हर बंद आहे' असं मी सवयीनं लिहायला गेलो तर त्यानं हात धरला. "आसं न्हाय सर. कुठल्या खान्यात काय टाकल्यावर काय हुतंय, त्ये लिवा. न्हायतर त्येंला कळायचं न्हाय." मग तसं लिहिलं. हेक्टरच्या खान्यात 0 व आरच्या खान्यात 61 भरले असता पुढे जाता येत नाही. 1 व 61 भरले असता जाता येते. खाली तेवीस जणांच्या सह्या आणि अंगठे, प्रत्येकापुढं सातबाऱ्यावरचं क्षेत्र. सगळ्यांच्या हेक्टरपुढं शून्य. दहिवडीला जाऊन तो देऊन आला, पोच घेऊन आला. पोचेवर शिक्का नीट उठला नव्हता म्हणून परत आत जाऊन दुसऱ्यांदा मारून घेतला होता.

अठरा दिवसांनी तो खाना शून्य घ्यायला लागला. आमच्या अर्जामुळं की आणखी कुणाच्या, ते कळलं नाही. उत्तर कुणाचंच आलं नाही. मुदतीचे चार दिवस उरले होते. तेविसातल्या एकोणीस जणांचे अर्ज भरून झाले. चार जण ऊसतोडीला गेले होते, त्यांचं राहिलं.

त्या संध्याकाळी तो घरी आला, मेंढीचं दूध घेऊन. सोबत त्याची मुलगी होती, चौथीतली. अण्णा आता नाहीत, त्यांच्या जागेवर मी बसतो. चहा झाला. पोरगी अंगणात उकिडवी बसून काडीनं मातीत काहीतरी ओढत होती. मी विचारलं, शाळेत कॉम्प्युटर आहे का? म्हणाली, "एक हाय. पन मॅडम हात लावू देत न्हाईत."

तो माझ्याकडं बघत म्हणाला, "सर, तुमच्याकडं फक्की आसंल का थोडी?"

फक्की नव्हती. सुनेनं दिवाळीची उरलेली रांगोळी होती ती आणून दिली. डब्याला भोकं पाडायला मी खिळा शोधायला लागलो.